मागची डावी चूल

बिब्लियानच्या बाजारामागे रोमुलो तेनेसाकाचं दुरुस्तीचं दुकान होतं. एक्वादोर सरकारने घरोघरी विजेच्या इंडक्शन शेगड्या पोहोचवल्या, तेव्हापासून त्याच्याकडे दुसरं काम फारसं येत नसे. बायको आणि दोन्ही मुली अकरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेल्या. रविवारी फोनवर त्यांचे चेहरे दिसत. उरलेले सहा दिवस तो बंद पडलेल्या बोर्डांशी बोले. माणूस मोजूनमापून बोलणारा. मीटरवर दिसतं तेवढंच खरं मानणारा.

एका मंगळवारी सकाळी वरच्या वस्तीतली ओतिलिया दुकानात आली. नऊ दिवसांपूर्वी तिची भाची चार चुलींची शेगडी घेऊन आली होती. मागची डावी चूल रोज आपोआप चालू होते, अशी तक्रार होती. रोमुलोने बोर्डात नवा प्रोग्राम भरला आणि ते खूळ थांबलं. म्हातारी आभार मानायला आली असावी, असं त्याला वाटलं.

"ती आता चालू होत नाही," ओतिलिया म्हणाली.

"मग बरंच झालं की, मावशी. तोच तर बिघाड होता."

"बिघाड आत्ता झालाय, बाबा. चार वर्षं नीट चालली होती."

तिने डोक्यावरची लोकरीची पांढरी टोपी काढून काउंटरवर ठेवली. भाचीने आपल्याला न विचारताच शेगडी आणली होती, हे तिने कुरकुर न करता, नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं. ती स्वतः परसात लाकडांवर रांधायची. ही शेगडी घेतली होती तिच्या मुलाने, क्लेव्हरने. चार वर्षांपूर्वी तो उत्तरेकडे, अमेरिकेच्या वाटेला निघाला. शेवटचा फोन सीमेवरच्या वाळवंटाच्या अलीकडच्या कुठल्याशा गावातून आला होता.

जुना प्रोग्राम पुसण्याआधी त्याची नक्कल ठेवायची रोमुलोची सवय होती. ओतिलिया गेल्यावर त्याने ती उघडली. बोर्डाने स्वतःची नोंद ठेवली होती: रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, मागची डावी चूल, सहा नंबरची आच, चाळीस मिनिटं. घड्याळाच्या भागात चूक असेल, इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण लोहचुंबक चिकटेल असं भांडं वर ठेवल्याशिवाय इंडक्शनची चूल तापतच नाही, आणि इथे तर प्रत्येक नोंदीपुढे भांडं सापडल्याची खूण होती. सोळा सेंटिमीटर तळाचं भांडं. रोज तेवढंच.

त्याने तोच जुना प्रोग्राम दुसऱ्या बोर्डात भरून पाहिला. दोन दिवस अकरा दहा वाजले आणि सरले. काही झालं नाही. म्हणजे चूक प्रोग्रामात नव्हती. मग कशात होती, हे त्याला सुचेना. शुक्रवारी तो लॅपटॉप काखेत मारून डोंगर चढला.

घर तीन मजली, निळ्या काचांचं, आणि वापरात एकच खोली. वरच्या मजल्यांवरचं सामान अजून प्लास्टिकच्या आवरणात होतं. आजूबाजूची घरंही तशीच, परदेशातून आलेल्या पैशांनी बांधलेली आणि मिटलेली. धुकं पार खिडकीला टेकलं होतं. ओतिलियाने उकडलेला मका आणि चीज त्याच्यापुढे ठेवलं.

"तू कुणाबरोबर जेवतोस?" तिने विचारलं.

"बाजारातल्या खानावळीत जेवतो."

"मी ते नाही विचारलं."

रोमुलोने शेगडीच्या बाजूची पट्टी काढली आणि वायर जोडली. जुना प्रोग्राम भरायचा तर आधी नवा पुसावा लागे. तो पुसून झाला. लॅपटॉपच्या पडद्यावर आलं, बोर्ड रिकामा आहे. मग भरण्याचा आकडा शून्यावरच अडकून बसला. असला रिकामा बोर्ड म्हणजे नुसता पत्रा. त्याला चूल म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. रोमुलोने वायर काढली आणि पुन्हा लावायला तो वाकला.

चूल गुणगुणायला लागली.

मागची डावी. आकडा सहा. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा.

शेगडीच्या काचेवर काहीच नव्हतं. त्याने वरून तळहात धरला. आधी ऊब लागली. मग ओलसर वाफ लागली, आणि त्याने हात मागे घेतला.

ओतिलियाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. तिने फडक्याने टेबल पुसलं.

"बस ना," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं लागतात."

तो शेगडीकडे पाठ करून बसला. का बसलो, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. ती बटाट्यांवर पडलेल्या हिवाबद्दल बोलत राहिली, तो हं हं करत राहिला. असं नुसतं कुणाजवळ बसून आपल्याला किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना.

अकरा पन्नासला गुणगुण थांबली.

चुलीवरून भांडं उचललं की शेगडी दोनदा वाजते. ती दोनदा वाजली.

रोमुलोने मागे वळून पाहिलं नाही. पण कुणी हातात गरम भांडं घेऊन खुर्चीमागून जायला लागलं की आपण जसं पटकन पुढे सरकून वाट देतो, तसा तो आधीच पुढे सरकून बसला होता.