त्रेचाळीस इंची टीव्हीची खोळ

हिम्मतराव, या, गाडीतच बसा. तो कंदील जरा इकडं सरकवा. उद्या पहाटे मुदखेडला निघायचंय, पण त्याआधी दुपारचं कुणाला तरी सांगायला पाहिजे. पोराला सांगून फायदा नाही. तो म्हणेल, पप्पा, बीपीची गोळी घेतली का.

काम साधं होतं. ह्या गाडीतला टीव्ही बदलायचा. अनिरुद्ध हिला कॅराव्हान म्हणतो. मी म्हणतो, लॉरीत कोंबलेली खोली. आत पलंग, शेगडी, नळ, आणि भिंतीवर चोवीस इंची टीव्ही. एवढं असून साहेबांना त्रेचाळीस इंची पाहिजे.

"चोवीसला काय धाड भरली?" मी विचारलं.

"पप्पा, सहा तासांचा रस्ता आहे. ईशा बोअर होते."

"मग नातीला खिडकीतून बघ म्हणावं. देवानं नाही, माणसांनीच केलाय तो रस्ता, बघण्यासारखा आहे."

"नक्को पप्पा, आर्ग्युमेंट नक्को. बाहेरचे लोक पत्र्याला भोकं पाडतात. तुम्हीच बसवा ना."

चाळीस वर्षं लॉरीच्या बॉड्या बांधल्या, त्याचं हे फळ.

ही गाडी त्यानं घेतली होती आईसाठी. कोंडाबाईचे गुडघे गेले होते, बसून प्रवास होत नव्हता. झोपवून माहेरी न्यायची, मुदखेडला. मी म्हणायचो, उन्हाळा जाऊ दे. मग म्हणायचो, पाऊस जाऊ दे. ती म्हणायची, "तुम्ही न्याल तवा खरं." तिला न्यायचा शब्द मी दिला होता, आणि ती घरातल्याच पलंगावर गेली. उद्या वर्ष होतंय. तिच्या भावाकडं पुण्यानुमोदन आहे. ह्या वेळी तरी मला पोचायचंय. बाकी काही नको.

तर साडेतीनला बॅटरीचं ड्रिल घेऊन आत शिरलो. ह्या गाडीच्या भिंती म्हणजे पत्रा, मधे थर्माकोल, वर पापडासारखं प्लाय. स्क्रू धरतोय कशाला! आधी सागवानी पट्टी मारली, तिच्यावर ब्रॅकेट, मग टीव्ही. घाम नुसता. अर्धी खिडकी झाकली गेली. वरून लाइट गेलेली. आपल्या मलकपेठेत नेमकी कामाच्या वेळीच जाते.

जुन्या टीव्हीला कोंडाबाईनं निळी खोळ शिवली होती. तिला खोळींचं वेडच. मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, माझ्या चष्म्याला खोळ. माप टेपनं कधी घेतलं नाही. दोरा धरायची, दोन्ही टोकांना गाठ मारायची, की झालं. शिवून झालं की कात्री शोधायची नाही. दातानं दोरा तोडायची. कट्. त्या आवाजावर आम्ही ओळखायचो, काम संपलं.

आणि टीव्ही बंद केला की खोळ लगेच घालायला लावायची. "उघडा ठिवू नका. त्यात माणसं दिसतात." मी हसायचो. आम्ही बुद्धाचे लोक, हिम्मतराव. भूत, भानामती, मंजूर नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत माझ्या.

ती निळी खोळ नव्या टीव्हीवर घालून बघितली. म्हशीला बाळाचं टोपडं. माझं डोकंच फिरलं. बोललो मोठ्यानं, "कोंडे, पुरेना बघ तुझी खोळ. घे नवं माप!"

वैतागात बोललो. दुसरं काही मनात नव्हतं.

पुसायला म्हणून पडद्यासमोर उभा राहिलो. जुन्यात माझं तोंड तेवढं दिसायचं. ह्यात डोक्यापासून टाचेपर्यंत अख्खा मी. आणि माझ्या मागं...

पांढरं लुगडं. निळा काठ. खोबऱ्याच्या तेलाचा वास आला, आणि त्यात मशीनच्या तेलाचा. ती वाकली होती. दोऱ्याचं एक टोक माझ्या टाचेशी धरलेलं. मग हळूहळू उठायला लागली. गुडघे न कुरकुरता.

"अगं... माझं नको..." मी म्हटलं, "टीव्हीचं घे..."

जिवंतपणी ऐकलं नाही, आता काय ऐकणार! टाळूवर बोट टेकलं. थंड. तिथं गाठ मारल्याचं मला कळलं.

वळलो तर पलंग, उशी. कोणी नाही. पायाशी दोरा.

अनिरुद्ध सामान ठेवायला आला. दोरा टीव्हीला लावून बघितला आणि म्हणाला, "पप्पा, कसलं माप घेतलंय? फार लांब आहे हे. टीव्ही झाकून वर केवढं उरतंय!" हसत हसत डिझेल भरायचा कॅन घेऊन गेला.

तो गेल्यावर मी एका गाठीवर पाय दिला आणि दोरा ताणला. दुसरी गाठ बरोबर टाळूला. बोटभरही फरक नाही.

तेव्हापासून गाडीत मशीन चालतेय, हिम्मतराव. पलंगाच्या बाजूनं. तुम्हाला वाटत असेल शेजारी कुणी शिवतंय. तिची मशीन तर आम्ही लेकीला, रोशनीला देऊन टाकली, विद्यानगरला. सहा महिने झाले.

मी तिला मगाशी सांगितलं. भांडलो नाही, हात जोडून सांगितलं, "कोंडे, हळू चालव. मुदखेडचा शब्द राहिलाय. तेवढा पुरा करू दे, मग घाल काय घालायची ती खोळ."

तेव्हा जरा हळू झाली होती. आता तर...

थांबा. बोलू नका.

मशीन थांबली का हो?

कट्.