टाके कोरडे ठेवा

सौंसरच्या दवाखान्यातून निघताना मुकुंद कंपाउंडरने सांगितलं ते एवढंच. "वहिनी, टाके कोरडे ठेवा. पाण्याचा थेंब लागू देऊ नका. गोळ्या देऊन राहिलो, त्या जेवल्यावर द्या." मालतीने मान डोलावली. शेजारी तिच्या सासूबाई केसरबाई पदराचं टोक दातांत धरून ऐकत होत्या. बाकावर मालतीचा नवरा गुणवंता पाय लांब करून बसला होता. संत्र्याचं वाळकं झाड तोडताना कुऱ्हाड निसटून त्याच्या नडगीवर बसली होती.

वैशाखात जखम कोरडी ठेवणं ते काय अवघड, असं मालतीला वाटलं होतं. मोहगावच्या वाटेवरच्या त्यांच्या घरी अंगणात लुगडं टाकावं आणि मागे वळेस्तोवर ते वाळावं, असं ऊन. तरीही ती जपत होती. खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद धुऊन तो पायाला गुंडाळायचा, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, पाय मात्र स्टुलावर अलगद ठेवायचा. शिवाय स्वयंपाक, गुरं, धुणंभांडी. बगिचा तेवढा केसरबाईंनी अंगावर घेतला होता. "तू त्याचा पाय पाहा, पाण्याचं मी पाहतो," त्या म्हणाल्या होत्या, आणि मालतीने सुटकेचा श्वास सोडला होता.

थोड्याच दिवसांत एका दुपारी पट्टी ओली लागली.

घाम असेल म्हणून तिने ती सोडली. वरचे पदर खडखडीत कोरडे होते, ओल आतून आली होती. वास घामाचा नव्हता, पुवाचाही नव्हता. साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास होता तो. तिने नवी पट्टी बांधली. दिवेलागणीला तीही ओली झाली.

"कसं वाटते पायाले?" तिने विचारलं.

"थंड वाटून राहिलं," गुणवंता छताकडे बघत म्हणाला. "बरं वाटते."

सौंसरच्या दवाखान्यात मुकुंदने पट्टी उघडली आणि तोंड वाकडं केलं. "पाय धुऊन राहिल्या का वहिनी तुम्ही? किती सांगितलं." मालतीने नाही म्हटलं, पण तिच्याच कानांना ते खोटं वाटलं. डॉक्टर आतून आले, जखम दाबून पाहिली आणि म्हणाले, की असंच चिघळत राहिलं तर नागपूरला न्यावं लागेल आणि तिथे गुडघ्याखालचा पाय ठेवतील याची खात्री नाही. परतीच्या बसमध्ये मालतीला रडूही आलं नाही. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते. पाय गेला तर या माणसाला आयुष्यभर उचलायचं कोणी, एवढाच विचार तिच्या डोक्यात फिरत होता, आणि त्या विचाराची तिला लाजही वाटत होती.

दुसऱ्या दुपारी ती खाटेशेजारी बसून राहिली. डोळे मिटत होते, पण तिने पट्टीवरची नजर हलवली नाही. गुणवंता झोपला होता. बाहेर पान हलत नव्हतं. मग एक आवाज आला. टप्प. खोल, घुमणारा, रिकाम्या जागेत थेंब पडावा तसा. घडा कोपऱ्यात होता आणि त्याखाली कोरडं होतं. पुन्हा आवाज आला. मालती वाकली, आणि पट्टीला कान लावल्यावर तिला कळलं, की तो आतून येतो आहे. तिच्या डोळ्यांदेखत कापडावर ओल पसरत गेली.

ती सासूला शोधत बगिच्यात धावली. संत्र्याची पानं सुकून वळली होती, बोराएवढी फळं झाडाखाली गळून पडली होती. विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाक्याशी केसरबाई बसल्या होत्या. टाक्यात पाणी नव्हतं. तळाचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते.

"आत्याबाई, हे काय? टाकं कोणं रिकामं केलं?"

"मीच केलं. दवाखान्यातून आली त्याच दिवशी." केसरबाईंनी आवाज खाली आणला. "तो कंपाउंडरच म्हणे ना... टाके कोरडे ठेवा."

मालतीला हसू फुटलं. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. "अवं आत्याबाई, ते पायाचे टाके. सुईदोऱ्याचे. या टाक्याचं कोण सांगते?"

केसरबाई हसल्या नाहीत. गुणवंताची पहिली बायको विजया याच टाक्यात बुडाली होती, मालती या घरात येण्याच्या आधी. पाय घसरला, असं सगळे सांगत, आणि त्यापुढे कोणी बोलत नसे. कंपाउंडरचे शब्द कानी पडले तेव्हा म्हातारीला त्यांत नवल काही वाटलंच नव्हतं. हे विजयाचंच काम, दवाखान्यातल्या लोकांनी बरोबर ओळखलं, एवढंच तिला वाटलं होतं.

"पायाचे टाके," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी मालतीकडे पाहिलं. "मंग... टाकं कोरडं केल्यावर थे कुठं गेली?"

मालतीचं हसू ओठांवरच थिजलं. लाइन आल्याबरोबर तिने मोटर सुरू केली. पाणी धो धो पडू लागलं, शेवाळाचे पापुद्रे तरंगून वर आले. संध्याकाळच्या उजेडात केसरबाई काठाशी उभ्या राहून हलक्या आवाजात म्हणत होत्या, "ये बाई. आपल्या जागी ये... त्याले सोड."

सकाळी पट्टी कोरडी होती. त्यानंतर ती कोरडीच राहिली. सूज उतरली, जखमेची कड गुलाबी झाली, गुणवंता काठी टेकत अंगणात फिरू लागला. टाके काढायला सौंसरला गेले त्या दिवशी मालतीने ठरवलं होतं, घरी गेल्यावर दार लावून नुसतं झोपायचं.

मुकुंद खुशीत होता. "पाहा, कोरडं ठेवलं की कसं भरून येते." कात्रीने तो टाके कापत गेला, काळ्या दोऱ्याचे तुकडे ट्रेमध्ये पडत गेले. शेवटच्या टाक्याशी मात्र तो थांबला आणि वाकून बघू लागला.

"हा आमचा दोरा नाई. तुमचा केस गेला असंल वहिनी, पट्टी बांधतानी."

पण केस कातडीच्या एका कडेने आत जाऊन दुसरीकडून बाहेर आला होता आणि त्याला वर नीट गाठ मारलेली होती. मुकुंदने चिमट्यात गाठ धरून हलकेच ओढली. केस येऊ लागला. वीतभर आला, हातभर आला, तरी येतच राहिला. काळाभोर होता आणि ओला होता. मालतीचा हात नकळत आपल्या मानेकडे गेला. गेल्या वर्षीच्या टायफाइडमध्ये तिचे केस गळाले होते, ते अजून खांद्यालाही पोचले नव्हते. आज झोप मिळणार नाही, यापुढेही मिळणार नाही, हे तिला उभ्या जागी कळून चुकलं.

गुणवंताने पुढे होऊन मुकुंदचं मनगट धरलं.

"ओढू नका," तो अगदी हळू म्हणाला. "तिले दुखून राहिलं."