कोठीच्या तोंडावरची हाक

भुतं फक्त रात्री निघतात, असं वाटत असेल तर तुमचा समज आजच मोडतो. ही गोष्ट भर दुपारची आहे. दोन हजार सोळाच्या वैशाखातली. आणि खरी आहे.

माझी मामेबहीण सत्यभामा हिच्या बाबतीत घडलेली. आधी मी तिच्याकडून ऐकली, मग तिच्या भावाकडून, वेगवेगळी. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक पडला नाही.

पडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

गाव आष्टी तालुक्यातलं, कडा या गावापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचंय.

दुष्काळाने सलग काही वर्षं पाठ सोडली नव्हती. विहिरींचे तळ उघडे पडलेले. जनावरं माळावरच्या छावणीत, आणि माणसांना पाणी टँकरचं. टँकर दुपारी यायचा आणि वेशीतूनच भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून अख्खं गाव घागरी घेऊन पळायचं.

गावात पशुखाद्याची एक सहकारी संस्था होती. तिची मक्याची कोठी होती. पत्र्याची, गोल, तीन मजल्यांएवढी उंच. वरच्या तोंडातून मका ओतायचा, खालच्या दारातून काढायचा. छावणीतली जनावरं याच मक्यावर तगून होती.

ही कोठी अधूनमधून अडायची. मका आतल्या आत कमान धरायचा. वरून कोठी भरलेली दिसायची, पण खाली पोकळी असायची आणि दारातून दाणा पडायचा नाही. मग कमरेला दोर बांधून एक माणूस वरून आत उतरायचा आणि काठीने मका मोकळा करायचा.

त्याचा एक नियम होता. पेवांच्या काळापासूनचा, जमिनीत खड्डे करून ज्वारी साठवायचे तेव्हापासूनचा. एक जण आत उतरला की दुसऱ्याने तोंडाशी बसायचं आणि हाक मारत राहायचं. आतल्याने "हाय" म्हणायचं. आतल्याचं डोकं बाहेर दिसेपर्यंत वरच्याने जागा सोडायची नाही.

"हाक सोडली की मानूस सुटला," असं म्हातारी माणसं म्हणायची.

आदल्या वर्षी हरिबा नावाचा मजूर आत उतरला होता. तोंडाशी होता पंडित, सत्यभामाचा धाकटा भाऊ.

"हरिबा!"

"हाय."

"हरिबा!"

"हाय."

आणि टँकरचा भोंगा वाजला...

पंडितच्या घरी त्या दिवशी प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं. घागर रांगेत लावतो आणि आलोच, म्हणून तो उतरला. सगळेच पळाले होते. तो परत आला तेव्हा कमान कोसळलेली होती. दोर धरायला वर कुणीच नव्हतं. हरिबाला खालचं दार तोडून बाहेर काढावं लागलं.

पंडितला कुणी बोल लावला नाही. कोणत्या तोंडाने लावणार? फक्त दहाव्याला हरिबाच्या बायकोने, केशरबाईने, त्याला एक विचारलं.

"तू उतरलास तवा त्यो हाय म्हनत व्हता का?"

"व्हय," पंडित म्हणाला.

केशरबाई उठून आत गेली. त्यानंतर पंडित एकदाही टँकरवर गेला नाही. पाणी त्याची बायको आणायची. तो मात्र कोठीवरच कामाला राहिला, कारण त्या साली दुसरं काम होतंच कुठं?

सत्यभामा पुण्यात पदार्थविज्ञानात संशोधन करायची. तिचा विषय दाणे. वाळू, मका, काचेचे मणी, असलं काहीतरी. दाणा पाण्यासारखा वाहतो आणि मनात आलं की दगडासारखा थांबतो, का ते अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही, असं ती सांगायची. एक दाणा काय करील ते सांगता येतं, लाखो दाणे मिळून काय करतील ते नाही.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या सहकारी संस्थेसारखंच की. एकेका सभासदाचं मत माहीत असतं, पण वार्षिक सभेत काय होईल ते देवालाही सांगता येत नाही."

ती खूप हसली होती. तेव्हा हसायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. भावाला त्या कोठीपासून सोडवायचं होतं. म्हणून तिने एक यंत्र तयार केलं. कोठीच्या पत्र्याला बाहेरून जागोजागी कान बसवले, म्हणजे आतल्या मक्याचा आवाज टिपणाऱ्या चकत्या. प्रत्येक कानाशेजारी एक छोटी हातोडी. मका कुठं दाटतोय ते कान ऐकणार, खालच्या खोलीतला संगणक हिशेब करणार, आणि कमान धरायच्या आधीच हातोडी नेमक्या जागी टकटक करणार. एवढ्या गुंत्याच्या गोष्टीला जोर लावून वळवता येत नाही, तिला योग्य वेळी टिचकी मारावी लागते, असं तिचं म्हणणं. यंत्र आपलं आपण शिकतही जायचं.

यंत्र चाललं की कुणी आत उतरायचं नाही. आणि पंडितला ती पुण्याला नेणार होती. त्याच्यासाठी तिने नोकरीही बघून ठेवली होती.

यंत्र बसलं. मका सुरळीत पडू लागला. संस्थेच्या चेअरमननी, भगवानरावांनी, नारळ फोडला.

मग एकेक गोष्ट तिच्या लक्षात येऊ लागली.

कोठीखाली मका सांडायचा. दुष्काळात माणसं दाण्याला महाग, तिथं पाखरांची काय कथा. पण त्या सांडलेल्या मक्यावर...

एक चिमणी बसत नव्हती. मुंगीसुद्धा लागत नव्हती.

मग हातोड्या बंद असताना एका कानात आवाज उमटू लागला. आतून. टक... टक... आणि मग बराच वेळ काही नाही. सत्यभामाने स्वतःची समजूत घातली की उन्हाने पत्रा तापतोय, फुगतोय, त्याचाच आवाज असणार.

पण तो आवाज फक्त टँकरचा भोंगा वाजल्यावर यायचा.

आणि भोंगा वाजला की यंत्रातल्या सगळ्या हातोड्या एकदम थांबायच्या. तसं तिने त्यांना सांगितलेलं नव्हतं. तिने सगळं तपासलं, पुन्हा तपासलं. काही सापडलं नाही. कुणीतरी कान देऊन उभं राहावं, तसं यंत्र थांबायचं.

तिने हे पंडितला सांगितलं. त्याने कोठीकडे पाहिलं.

"ते वाट बघतंय, ताई," तो म्हणाला.

"कशाची?"

तो पोती उचलायला निघून गेला.

आणि तो दिवस आला. सकाळपासून मका अडला. हातोड्या हलेनात. भगवानराव छावणीतून तणतणत आले.

"मशिनीच्या भरवशावर जनावरं मारायची का? पंडित, दोर बांध. तू उतर."

"कुणी उतरायचं नाही," सत्यभामा म्हणाली. "चेअरमनसाहेब, मला दुपारपर्यंत वेळ द्या."

"उतरतो की, ताई," पंडित म्हणाला. "त्यात काय."

"तुला आईची शपथ आहे."

तो कोठीच्या सावलीत जाऊन बसला. ती संस्थेच्या कार्यालयात पुण्याला फोन लावायला गेली. तेवढ्यात भोंगा वाजला. नेहमीसारखी पळापळ झाली, भांड्यांचा खणखणाट झाला आणि मग सगळं शांत झालं. ती बाहेर आली. कोठीपाशी चिटपाखरू नव्हतं.

पंडित नव्हता.

तिने वर पाहिलं. यंत्र बसल्यापासून दोर गुंडाळून खुंटीला टांगलेला असायचा. आता तो कोठीच्या तोंडातून आत सोडलेला होता...

आणि ताणलेला होता.

ती शिडी कशी चढली ते तिला आठवत नाही. तापलेल्या पत्र्याने तळहात भाजले. तोंडातून तिने आत वाकून पाहिलं. अंधार आणि मक्याची धूळ.

"पंडित!"

काही नाही.

"पंडित!"

"हाय."

खोलातून आलं ते. तिला रडू आलं. तो जिवंत होता. आणि त्याच क्षणी सगळ्या हातोड्या एकदम सुरू झाल्या. कमान सुटली. खालच्या दारातून मका वाहू लागला.

तिला कळलं, आता काय होणार ते. वाहता मका माणसाला खाली ओढतो. भावाला वाचवायला बनवलेलं यंत्र तिच्या डोळ्यांदेखत भावाला गिळत होतं. ते बंद करायची कळ खाली, खोलीत, आणि मक्याचं दारही खालीच. खाली सगळे टँकरवर. तिने दोर ओढून पाहिला, हलला नाही. ओरडून पाहिलं, ऐकायला कुणी नव्हतं.

ती शिडीची एक पायरी उतरली.

"पंडित!"

शांतता...

ती परत वर आली. "पंडित!"

"हाय." आणखी खोलातून.

उतरावं तर आवाज जातो. थांबावं तर मका ओढतो. ती तोंडाशी बसली आणि जीव तोडून हाका मारू लागली. दर हाकेला उत्तर येत होतं. दर उत्तर थोडं खालून येत होतं.

"ताई, कुनाला हाका मारतीस?"

हा आवाज मागून आला. तिने वळून खाली पाहिलं. शिडीपाशी पंडित उभा होता. खांद्यावर भरलेली घागर.

"तू... तू कुठं गेलतास?"

"टँकरला. तूच म्हनलीस की, जा, मी हाय तोंडाशी."

ती असं काही म्हणाली नव्हती. ती तेव्हा कार्यालयात फोनवर होती.

"तुझाच आवाज व्हता, ताई. मागून आला."

आणि तेवढ्यात कोठीच्या आतून, कुणी हाक न मारता...

"हाय."

दोघांनीही ऐकलं. पंडितने घागर हळूच खाली ठेवली. दुष्काळात माणूस भ्याला तरी पाणी सांडत नाही. मग तो शिडी चढून वर आला.

"तू उतर."

"मी यंत्र बंद करते."

"नको बंद करू. मका सरू दे." त्याने तिला हाताला धरून बाजूला केलं आणि तोंडाशी मांडी घालून बसला. "ही हाक माझी हाय. मी सोडलती."

त्याने आत वाकून हाक मारली. "हरिबा!"

"हाय."

उन्हं कलेपर्यंत मका वाहत होता. लोक आले, पोती भरून घेऊन गेले. पंडित वर का बसलाय, हे कुणी विचारलं नाही. केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. वर पाहिलं, तांब्या शिडीपाशी ठेवला आणि निघून गेली. मक्यासारखंच आतलं उत्तरही खाली खाली जात राहिलं.

शेवटी कोठी रिकामी झाली. सत्यभामाने खालच्या दारातून बॅटरी मारली. कोरडी फरशी. चारी बाजूंनी उघडा पत्रा. फरशीवर दोराचं टोक, मोकळं.

"पंडित, आत कुणी नाही रे," ती ओरडली. "उतर आता. आपण उद्याच निघू."

वरून त्याने एकदा हाक मारली.

"हरिबा!"

तिचं डोकं अजून दारात होतं. उत्तर तिच्या अगदी चेहऱ्यापाशी आलं. कुणाचा श्वास नव्हता, ऊब नव्हती. फक्त शब्द.

"हाय."

पंडित पुण्याला गेला नाही. ती पाया पडली, भांडली, रडली. त्याचं एकच म्हणणं. डोकं बाहेर आलेलं न्हाई, मग हाक कशी सोडू?

सत्यभामाने दाण्यांचं संशोधन सोडलं. आता ती कॉलेजात शिकवते. मक्याचं कणीससुद्धा घरात आणत नाही. भावाला सोडवायला गेले आणि मीच त्याला तिथं बांधून आले, असं ती म्हणते. 

गेल्या उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो होतो. संस्था बंद पडलीय. कोठी गंजलीय, हातोड्याही कुणी काढून नेल्यात. दुपार झाली. वेशीत भोंगा वाजला. गाव पळालं.

पंडितने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. तो शिडी चढला, तोंडाशी बसला आणि हाक मारली.

मी खाली उभा होतो. मला हाकेशिवाय काही ऐकू आलं नाही, हे देवाशपथ सांगतो.

पण हाक मारून पंडित थोडा वेळ थांबला. मग त्याने समाधानाने मान हलवली आणि पुढची हाक मारली.