गल्लीभर विरजण

बसा हो पाव्हणं, उभं राहून माप लवकर होत न्हाई. तुमच्या वडलांचा पाय आत इस्माईलच्या हातात हाय, म्हणजे काळजी नको. तोवर हे ताक घ्या आन् एक गोष्ट ऐका. ज्या दुकानाच्या कट्ट्यावर तुम्ही बसलाय, त्याची पाटी एकदा खाली उतरायला निघाली होती. ती कशानं वाचली हे आधीच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. म्हणून सुरुवातीपासनं सांगतो. ताक मात्र सगळं संपवा. त्याचंबी काम हाय गोष्टीत.

मी रायगोंडा. जन्मभर ट्रक चालवला. डावा पाय आंबा घाटात ठेवून आलो. आता हा वाजवून दाखवतो तो इस्माईल शिकलगारनं केलेला. टक टक. ऐकलं? ह्या पायावर मी सकाळी बाजार करतो, संध्याकाळी भांडतो.

मिरजेत पाय करणारे कमी न्हाईत. साचा घेतला, छापयंत्रात घातला, पाय तयार. पण खरी कटकट माणूस चालायला लागला की सुरू होते. हितं घासतं, तितं टोचतं, उन्हाळ्यात मांडी सुजते, थंडीत आकसते. इस्माईलनं काय केलं, पायाच्या आत टाचणीच्या डोक्याएवढा टिपक बसवला. तो टिपक चालताना पाऊल न् पाऊल टिपतो. कुठं भार जास्त पडला, कुठं कातडी रगडली. माणूस दुकानात आला की ते सगळं संगणकात उतरायचं. त्याला इस्माईलनं नाव दिलं पाऊलपट. पाय मोडला तरी फिकीर न्हाई. पाऊलपट काढायचा, नवा पाय छापायचा, पहिल्याच दिवशी जुन्या चपलेसारखा बसतो. पाऊलपट गेला तर मात्र परत पहिल्यापासनं. फोड, पू, आन् खाटेवर पडून छताचे वासे मोजायचे.

म्हणजे दुकान ह्या भिंतींचं न्हवंच. दुकान म्हणजे ते पाऊलपट.

इस्माईलला वाटायचं, आपण लई शहाणं. एक प्रत संगणकात, दुसरी त्याला जोडलेल्या डबीत, तिसरी कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या भाड्याच्या कोठारात. तवा आमच्या डॉक्टरबाई, सुनेत्रा मगदूम, एकदा आईला घेऊन आल्या. सुईवाल्या डॉक्टर न्हवं, जंतूंच्या. आईचा पाय इस्माईलनंच केलेला, त्यामुळं दुकानात त्यांचा शब्द चालायचा.

त्या म्हणाल्या, "चाचा, तिन्ही प्रती एकाच तारेला लटकल्यात. तारेवरनं चोर आला तर तिन्ही जातील. एक प्रत अशी हवी की जिला तारच नाही."

"मग काय दगडावर कोरू?"

"दह्यात लिहू."

इस्माईलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई तीच होती.

"हसू नका. प्रत्येक जिवाच्या आत त्याचा आराखडा चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्या चार अक्षरांत आम्हीही हवं ते लिहू शकतो. जनुकलेखन म्हणतात त्याला. मी प्रत्येक माणसाचा पाऊलपट दह्याच्या एकेका जंतूत लिहिते. एक माणूस, एक वाण. सगळे वाण एका गाडग्यात."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या पायाचा जंतू वेगळा, तुमच्या आईचा वेगळा?"

"बरोबर. आणि जंतू दूध मिळालं की स्वतःची नक्कल स्वतःच काढतो, आतल्या मजकुरासकट. प्रयोगशाळेत हेच गोठवून ठेवायचं तर शीतपेटी लागते, तिच्यावर माणूस लागतो. दह्याला काय लागतं?"

दुकानामागच्या स्वयंपाकघरातनं इस्माईलची बायको, जैबूनभाभी म्हणाली, "कोमट दूध आन् चमचाभर विरजण."

"तेच. रोज रात्री विरजण लावलंत की रोज नवी प्रत तयार."

"आन् खायचं का न्हाई?" भाभीचा प्रश्न कामाचा होता.

"खा की. फक्त चमचाभर मागे राहू दे. मजकूर मी कुलूप लावूनच लिहिणार, किल्लीचा शब्द फक्त चाचांना तोंडपाठ. तरीपण भाभी, एक गोष्ट सांगते. हे दही बाहेर द्यायचं नाही. लोकांच्या शरीराची माहिती आहे. आणि कुठं काय मिसळेल, सांगता येत नाही."

भाभीनं मान हलवली. ती हो म्हणाली का न्हाई म्हणाली, ते कुणी नीट बघितलं न्हाई.

तर असं ते चाललं. वर्षाला डॉक्टरबाई यायच्या, नव्या माणसांचे वाण गाडग्यात सोडून जायच्या. आम्ही चेष्टा करायचो. इस्माईलच्या घरी जेवायला गेलं की म्हणायचो, "भाभी, आज कुणाची मांडी वाढताय?" भाभी पळी उगारायची.

मग जे व्हायचं ते झालं. एका सकाळी इस्माईलनं संगणक उघडला तर पडद्यावर लाल अक्षरं. तुमचं सगळं आम्ही कुलपात घातलंय, पैसे टाका, किल्ली घ्या. डबी जोडलेली, ती गेली. कोठाराची प्रत त्याच तारेवर, तीबी गेली. पोलीस आले, चहा प्याले, बघतो म्हणाले. इस्माईल म्हणाला, "चोराला एकदा दिलं की तो जावयासारखा दर सणाला येतो. देणार न्हाई."

आन् नेमका त्याच आठवड्यात माझा पाय तडकला. कुबड्यांवर आलो. बाकीचेबी एकेक यायला लागले. कट्टा भरला. पण इस्माईल निवांत. म्हणाला, "दही हाय की." डॉक्टरबाई वाटीभर दही घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. तिथं एक वाचकयंत्र हाय, जंतूतली अक्षरं वाचतं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, पण चप्पल काढायचंबी त्यांना सुचलं न्हाई. तशाच दारात उभ्या.

"चाचा, निम्मेच सापडले."

"निम्मे म्हणजे?"

"निम्मे वाण गाडग्यात उरलेच नाहीत. चूक माझी. मी धरून चालले की सगळे सारखे वाढतील. पण जो वाण दुधात कणभर हळू वाढतो, तो रोज रात्री कणभर मागे पडतो. आणि रोज सगळ्यातनं आपण एकच चमचा उचलतो. चमच्यात जो आला तो वाचला. इतक्या वर्षांत मागे पडणारे चमच्यात यायचेच थांबले."

मी विचारलं, "माझा?"

"नाही अण्णा. आणि माझ्या आईचाही नाही."

 इस्माईल उठला, शिडी आणली, पाटीचे स्क्रू सोडायला लागला. मी म्हणालो, अरे खुळ्या, थांब. तो म्हणाला, "काय थांबू? ह्या लोकांनी माझ्या भरवशावर पाय दिले. आता निम्म्यांना म्हणू, फोड येऊ द्या, सोसा? त्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं." एक स्क्रू माझ्या डोक्यावर पडला.

तवा जैबूनभाभी पदराला हात पुशीत बाहेर आली. चेहरा पडलेला. "डॉक्टरबाई, एक विचारू? रागावणार न्हाई ना?"

"विचारा."

"ते दही बाहेर गेलं असलं तर गुन्हा लागतो का?"

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "कुणाला दिलंत?"

"कुणाला न्हाई दिलं ते विचारा."

इस्माईल शिडीवरनं ओरडला, "अगं, बाई नको म्हणाली होती न्हवं?"

"मग काय करू? शेजारीण वाटी घेऊन दारात उभी. विरजण न्हाई म्हणू? दिवेलागणीनंतर असतं तर चाललं असतं, तेवढ्या वेळेला देत न्हाईत. पण भर सकाळी? दूध तापलेलं दिसतंय, दही लागलेलं दिसतंय. न्हाई म्हणून गल्लीत तोंड कुठं दाखवू?"

डॉक्टरबाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतायत. मला वाटलं, गेली ही.

"भाभी, त्या सगळ्यांचं दूध एकच आहे का?"

"छे! जोशीकाकू गाईचं घेतात. गवळ्याकडं म्हशीचं. तानूबाई शेळी पाळते. कुणी उशिरा लावतं, कुणी चुलीजवळ ठेवतं."

"मग प्रत्येक घरात मागे पडणारे वेगळे! म्हशीच्या दुधात जो मागे पडला तो शेळीच्या दुधात पुढे गेला असेल. चाचा, खाली उतरा. गाडगं एक नाही. गल्लीएवढं आहे."

त्या दिवशी आमच्या गल्लीत वरात निघावी तसं झालं. डॉक्टरबाई पुढं, मागनं भाभी वाट्यांचं ताट घेऊन. दार वाजवायचं, "वहिनी, चमचाभर विरजण." एकानंबी कशाला म्हणून विचारलं न्हाई. विरजणाला कोण कारण विचारतं? वाट्या प्रयोगशाळेत गेल्या. जोशीकाकूंच्या गाडग्यात डॉक्टरबाईंच्या आईचा पाय निघाला. गवळ्याकडं तर रांगेनं पाय निघाले. एकेक नाव आलं की इथं कट्ट्यावर टाळ्या.

फक्त माझं नाव येईना. माझ्या बायकोनं लावलेल्या दह्यात तरी असावं की न्हाई? तिथंबी न्हाई! माझ्याच घरात मला थारा न्हाई.

एकच घर राहिलं होतं. तानूबाई गवंडी. तिच्या आन् माझ्यात गटाराच्या पाण्यावरनं बोलणं बंद होतं. डॉक्टरबाई गेल्या तर ती म्हणाली, "विरजणाला माझी ना न्हाई. पण ज्याच्यासाठी पाहिजे त्यानं यावं."

गेलो. कुबड्या टेकत, सगळी गल्ली बघतीया. ती शेळीला पाला घालत होती.

"काय रं रायगोंडा, वाट चुकला?"

"विरजण दे."

"न्हाई ऐकू आलं. गटाराचं पाणी कानात गेलंय तुझ्या मेहरबानीनं."

"तानूबाई, विरजण दे. पाया पडलो असतो, पण पायच न्हाई."

ती हसली. मलाबी हसू आलं. तिनं वाटी भरून दिली, वर म्हणाली, "दूध कोमट घे. तुझ्या डोक्यासारखं तापलेलं नको."

त्या वाटीत होतो मी. सगळ्या गल्लीत फक्त तिच्या शेळीच्या दुधात. जिच्याशी बोलत न्हवतो, तिनं मला रोज रात्री जपून झाकून ठेवलं होतं आन् रोज सकाळी भाकरीबरोबर खाल्लं होतं. आता गटार मी माझ्या पैशानं बांधून दिलंय. न देऊन सांगतो कुणाला?

पाटी परत चढली. तुम्ही वर बघितलं तर एक स्क्रू नवा दिसंल. जुना माझ्याकडं हाय, आठवण म्हणून.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी नियम उलटा केला. म्हणाल्या, "मी तिजोरी करायला निघाले होते. जपून ठेवलं ते आटलं, वाटलं ते टिकलं. आता भाभी, मागेल त्याला द्या. न मागेल त्यालाही द्या." मी विचारलं, आन् लोकांची माहिती? त्या म्हणाल्या, "कुलूप आहे ना. किल्लीशिवाय ते नुसतं दहीच." म्हणजे मघाशी तुम्ही प्यायलात ना ताक, त्यात सगळी गल्ली होती. घाबरू नका. पोटाला चांगलं असतं.

पण परवाच्या तपासणीत बाईंनी एक नवी अडचण सांगितली, आन् गणित बघा कसं सरळ हाय. गल्लीत आता सगळ्या सगळ्यांचं विरजण नेतात. भांडणंबी मिटली, त्यामुळं जास्तच नेतात. तानूबाईचं आमच्याकडं, आमचं गवळ्याकडं. सगळी गाडगी हळूहळू एकसारखी व्हायला लागली. तेच ते वाण सगळीकडंच मागं पडतायत. परत एकच गाडगं झाल्यासारखं. आता पाहिजेत लांबची घरं. वेगळं पाणी, वेगळा चारा, वेगळी हवा.

तुम्ही गोंदियाचे न्हवं?

बघा, आतनं टकटक ऐकू येतंय. वडील तुमचे उभे राहिले. त्यांचाबी पाऊलपट आता सुरू होणार, आन् बाई आल्या की तो ह्याच दह्यात उतरणार. त्यांचा आम्ही सांभाळू, आमचे तुम्ही सांभाळा; तेव्हा ही बरणी पिशवीत ठेवा. गाडीत आंबट होईल, मरणार न्हाई. घरी पोचलात की कोमट दुधात चमचाभर लावा, रोज थोडं मागं ठेवा. आन् सकाळी शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहिली, अगदी बोलणं बंद असलेली असली, तरी पाव्हणं, एवढं माझं ऐका: तिला न्हाई म्हणू नका.