उंबऱ्याशी थांबलेलं ऊन

पोरींनो, चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी त्या रेकॉर्डच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. गाण्याबिण्यासाठी नाही. तोंडात मात्र आईची ओळ होती… ‘उंबऱ्याशी ऊन थांबलंय गं, त्याला आत ये म्हण…’

“पुढे?” दुकानदाराने आतून विचारलं.

“पुढचं ठाऊक असतं तर तुमच्या पायरीवर बसले असते?”

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. तिचं माझ्याजवळ उरलं ते एवढंच, आणि तेही झिजत चाललेलं. ते गाणं कुठे मिळालं तर मला विकत हवं होतं.

त्याची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाची ओळ चिठ्ठीवर उतरवायची, जुन्या याद्या चाळायच्या, पुढची ओळ ही असेल का ते खाली लिहायचं आणि चिठ्ठी गिऱ्हाइकाला वाचायला द्यायची. ‘हेच’ म्हटलं की रेकॉर्ड मागवायची.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. अक्षरं शिकले ती पार चाळिशीत. पण तेव्हा हे त्याला सांगेन तर मी कसली!

“तुम्हीच वाचा,” म्हटलं. “चष्मा घरी राहिलाय.”

दर शनिवारी कारखान्यात कॉलरी शिवून सुटले की मी तिथे. दर शनिवारी चष्मा घरी. तो वाचायचा, हळूहळू, चिठ्ठीपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत… आणि मी म्हणायचे, “हे नाही.”

“तुमचा चष्मा भारी लाजाळू दिसतो.”

“नको तिथे टक लावत नाही, एवढंच.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग चिठ्ठीची घडी घालत म्हणाला, “एकदा लावून या ना… कशा दिसता, बघायचंय.”

झालं! पुढच्या शनिवारी मावशीचा जाड भिंगांचा चष्मा नाकावर चढवून मी हजर. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. मला बघून तो एवढा हसला… आणि न वाचताच चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

भिंगांतून नुसत्या मुंग्या दिसत होत्या. चिठ्ठी नेहमीपेक्षा लांब होती, तेवढं कळलं. तो श्वास धरून उभा. बाकीचेही बघतायत असं मला वाटलं. मी मान ताठ केली.

“छे! असलं काही मला नको,” म्हणाले आणि चिठ्ठी काउंटरवर टाकली.

“बरं,” तो म्हणाला. एवढंच.

त्यानंतर तीन शनिवार दुकान बंद. चौथ्या शनिवारी तोच चष्मा चढवून गेले, तर काउंटरवर त्याची मोठी बहीण.

“उन्हाच्या गाण्यावाल्या तुम्हीच ना? सापडलं ते. जाताना तुमच्यासाठी ठेवून गेलाय.”

“गेले? कुठे?”

“लांब. तिकडेच काम धरलंय त्याने. इथे बसवत नाही म्हणाला.” तिने रेकॉर्ड लावली. “मन ज्याचं त्याचं, बाई. पण चार लोकांत चिठ्ठी तरी टाकायची नव्हती. आठवडाभर लिहीत होता. ‘गाणं सापडलं की तुम्ही यायच्या थांबाल. माझ्याशी लग्न कराल? हो असेल तर बोलू नका, नुसतं हसा.’ मला दहादा वाचून दाखवलं होतं.”

गाणं सुरू झालं होतं. आईची ओळ आली, तिच्यामागची आली, त्याच्याही मागची… मला एकही ऐकू आली नाही.

बहिणीने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं, मऊ झाली, आणि कागद-पेन पुढे सरकवलं. “अजून उशीर नाही झालेला. दोन ओळी लिहा. आजच पाकिटात घालते.”

तोंडाने सांगता आलं असतं. पण मग आधी दुसरंच सांगावं लागलं असतं.

पेन मी उचललं. जड होतं. परत ठेवलं.

“निरोप काही नाही,” मी म्हणाले. “गाणं हेच. बांधून द्या.”