भुलवणीची धावपट्टी

देवराळच्या वेढ्याला चौथा महिना लागला होता. चार लाख लोकांचं पोट विमानाने येणाऱ्या पिठावर होतं. शहराच्या उत्तरेला एक लष्करी धावपट्टी होती, दक्षिणेला दुसरी. उत्तरेची खरी, दक्षिणेची भुलवणीची. निम्म्याहून जास्त बॉम्ब दक्षिणेलाच पडत आणि तिथले खड्डे रोज इमानाने बुजवले जात. ती पट्टी खोटी आहे, हे मुख्य अभियंता अच्युत वाकणकर आणि भूकंपशास्त्रज्ञ डॉ. पारसनीस यांनी कामगारांपासून लपवून ठेवलं होतं.

"तिथली मुकादम माझी सख्खी बहीण आहे, डॉक्टर," अच्युत म्हणाला. "परवा तिच्यापासून वीस पावलांवर बॉम्ब पडला. निदान तिला तरी सांगू द्या."

"सांगितलंत की संपलं. धुराच्या पडद्यामुळे शत्रूला विमानं दिसत नाहीत, म्हणून त्याचं आस्थावेधक यंत्र जमिनीची थरथर ऐकतं. विमान उतरल्याचा हादरा आपण वजनं आपटून उठवतो. पण खड्डा बुजवताना माणसं किती घाईने धुमस मारून माती ठोकतात, यावरून ते खरी पट्टी ओळखतं. हाताची कळकळ खोटी करता येत नाही, वाकणकर. ज्याला कळलं त्याचा हात ढिला पडणारच."

अच्युतला पटलं, पण राहवलं नाही. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. 'उत्तरेला अनुभवी मुकादम हवी' असा हुकूम काढून त्याने तिला आपल्याकडे आणलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! उत्तरेचे खड्डे तासाऐवजी चाळीस मिनिटांत बुजू लागले आणि दक्षिणेचं काम थंडावलं. चौथ्या दिवशी सगळे बॉम्ब उत्तरेला पडले. पिठाची दोन विमानं माणसांसकट जळाली. डॉ. पारसनीसांनी दोन्ही पट्ट्यांच्या थरथरीचे आलेख त्याच्यापुढे ठेवले. रागावले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

खंदकात ताईशेजारी बसून त्याने सगळं सांगितलं आणि तो हमसून रडला. "तुला परत पाठवूनही आता उपयोग नाही. तुला कळलंय."

"अरे, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," ताई म्हणाली. "चाकं टेकली की काँक्रीटवर रबराचे काळे ओरखडे उठतात. तिथे एकही नव्हता. आम्हा सत्तरही जणांना ठाऊक आहे."

"मग एवढी घाई कशाला करायचात?"

"लवकर बुजवलं की पुढचा बॉम्बही आमच्याकडेच यायचा. इकडे तू होतास. प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. मला काढून घेतलंस, त्यांना वाटलं बेत बदलला, म्हणून त्यांचे हात ढिले पडले. जाऊन सांगते त्यांना."

"ताई, नको ना जाऊस."

"वेडा आहेस का? शहराने खायचं काय?" तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि ती ट्रकमध्ये चढली.

दुसऱ्या दिवसापासून बॉम्ब पुन्हा दक्षिणेला वळले. उत्तरेला नऊ विमानं सुखरूप उतरली. पाचव्या दिवशी सकाळी ताई गेल्याचा निरोप आला.

अच्युतने त्या वेळचा दक्षिणेचा आलेख मागवला. ज्या बॉम्बने ती गेली, त्याचा खड्डा तिच्या माणसांनी सव्वीस मिनिटांत बुजवला होता. इतकी घाई त्या पट्टीवर आजवर कधीच झाली नव्हती.