तेवीस सायकली आणि शून्य-नमुना

डॉ. निरंजन पोतनीसांनी तेविसाव्या सायकलीच्या चौकटीवर बारीक हातोडीचा ठोका मारला, हातातल्या नादमापकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हीसुद्धा नापास," ते म्हणाले.

इचलकरंजीतल्या 'मगदूम मालसायकल' या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये सकाळी दहापासून ही ठोकाठोकी चालली होती. दुकानाची मालकीण पद्मजा मगदूम, म्हणजे अख्ख्या गावाची पद्माक्का, हाताची घडी घालून बघत होती. एरवी बाई बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार होतो. आज तिच्या तोंडाला कुलूप होतं. कारण सायकली बनवणाऱ्या कंपनीतर्फे तपासणीला आलेल्या पोतनीसांच्या बॅगेत एक पत्र होतं, आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. विजेवर चालणाऱ्या या मालसायकली तपासणीत नापास झाल्या, तर एजन्सी रद्द आणि सायकली भंगारात. सोळा वर्षांचं दुकान गेलं असतं आणि त्या सायकलींवर सूत वाहणाऱ्या तेवीस जणांचा रोजगारही.

"नापास कशात म्हणता साहेब? मोडलीय का एक तरी?" तिचा जुना मिस्त्री इकबालभाई मुजावर हात पुसत म्हणाला.

"मोडली नाही. हव्यात त्यापेक्षा ताठ आहेत. चौकट जितकी ताठ, तितका तिचा नाद उंच. ताठपणातल्या चढउतारासाठी कंपनी चाळीस टक्क्यांची सूट देते. तुमच्या सगळ्या बेचाळीसवर आहेत. आमचे प्रयोगशाळाप्रमुख रणदिवेसाहेब म्हणतात, तुम्ही नळ्यांमध्ये पोलादी पट्ट्या घुसवता."

पद्माक्काच्या कानशिलांपर्यंत राग चढला. चूक काढा, हजार काढा, पण लबाडीचा आळ तिला सोसेना. तरी तिनं स्वतःला आवरलं.

"आधी एक सांगा. तीन वर्षं ही चौकट विकतीय मी. माहितीपत्रकात नुसतं 'जिवंत चौकट' छापलंय. जिवंत म्हंजे नेमकं काय?"

पोतनीसांचा चेहरा एकदम खुलला. बारा वर्षं त्यांनी त्याच एका गोष्टीवर घालवली होती, आणि विचारणारं कुणी भेटत नव्हतं.

"याला आम्ही अस्थिमिश्र म्हणतो. हाडासारखं वागतं. आत सूक्ष्मकण फिरत असतात. जिथं ताण पडतो तिथं ते जाऊन बसतात, चौकट तिथं जाड होते. जिथं ताण नाही तिथून उठतात आणि तळाच्या नळीत साठून राहतात. पैलवानाची मांडी भरते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची झडते, तसंच."

"मग आमच्या ताठ होणारच की," पद्माक्का म्हणाली. "सर्व्हिसिंग झालेली एकबी सायकल आम्ही रिकामी हातात देत न्हाई. सुताची तीन पोती लादून इकबालभाई नदीपर्यंत जाऊन येतात. रिकाम्या सायकलीचे ब्रेक काय, कुणाचेबी लागतात. ओझ्याखाली लागले तर खरे."

ही भारफेरी पुस्तिकेत नव्हती. पोतनीसांनी टिपून घेतली, हिशेब केला. "त्यानं फार तर तीन टक्के वाढतील. बेचाळीस नाही. आणि खरं सांगू, तुमची ही पट्ट्यांची युक्ती आता पसरतेय. जालना एकोणचाळीसवर आहे, बारामतीही तिथंच. पुढच्या दोन महिन्यांत तीही दुकानं बंद करावी लागतील."

"अवो, जालना मी बघितलंबी न्हाई."

त्यांनी टॅबवर आलेख काढून तिच्यापुढे धरला. पद्माक्कानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. दर महिन्याला एक टक्का, सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून वर चढलेल्या.

"जालन्यात लोखंड वाहतात," ती हळूहळू म्हणाली, "बारामतीत भाजी. लोखंडाची सायकल आणि मेथीची सायकल सारखीच ताठ हुईल व्हय?"

पोतनीसांनी टॅब आपल्याकडे वळवून रेघा पुन्हा तपासल्या.

"आणि ताठ म्हंजे कशापेक्षा ताठ?"

"शून्य-नमुन्यापेक्षा. पहिली आदर्श सायकल. दर पहाटे पुण्यात यंत्र तिच्यावर ठोका मारतं. तो नाद राज्यातल्या सगळ्या मापकांना जातो, आणि त्याच्याशी आम्ही तुलना करतो."

"तिच्यावर काय लादता?"

"लादता? छे हो. सव्वातीन वर्षं ती काचेच्या कपाटात आहे. धूळसुद्धा आम्ही..." आणि पोतनीस तिथंच थांबले. सव्वातीन वर्षं म्हणजे एकोणचाळीस महिने, महिन्याला एक टक्का. सायकली ताठ झाल्याच नव्हत्या, बिनओझ्याचा नमुनाच मऊ पडत गेला होता. त्यांनी टॅब पालथा ठेवला आणि ते जवळच्या स्टुलावर बसले. अस्थिमिश्राचा शोध लावणारा माणूस तो. त्याला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी पुण्याला रणदिवेसाहेबांना व्हिडिओ लावला. साहेब अंगापिंडानं भरलेले, आवाजही तसाच.

"शून्य-नमुना झिजलाय? काहीतरीच काय पोतनीस! थांबा, मीच बसून दाखवतो."

"साहेब, बसू नका, आधी थोडं वजन..."

पण साहेबांनी कपाट उघडायला लावलं, सायकल बाहेर काढली आणि टांग मारली. आवाज काहीच झाला नाही. चौकट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मधोमध खाली येत गेली आणि साहेबांचे दोन्ही पाय आपोआप फरशीला टेकले. ते तसेच उभे राहिले, दोन पायांच्या मध्ये आदर्श सायकल घेऊन. इकबालभाईनं हसू लपवायला तोंड फिरवलं.

पोतनीसांनी बॅगेतलं पत्र काढून चार तुकडे केले. पद्माक्कानं मोठा श्वास सोडला. तिला एकदम भूक लागली.

"आता हिचं काय करायचं?" फोनवरून रणदिवेसाहेब विचारत होते. आवाज बराच उतरला होता.

"पाठवा की हिकडं," पद्माक्का म्हणाली. "कण कुठं गेलेत? तळाच्या नळीतच हायत न्हवं? मग चिंता कसली. पहिला आठवडा रिकामी फिरवू, मग अर्धं पोतं, मग एक."

तिनं सर्व्हिसिंगचं कार्ड ओढलं आणि गिऱ्हाईकाच्या नावापुढे कंपनीचं नाव घातलं. 'तक्रार' या रकान्यात तिनं लिहिलं, 'काम दिलं नाही.'

पोतनीसांनी खाली सही केली. "परत कधी मिळेल?"

"परत कशाला? परत न्हेऊन तुम्ही काचेतच ठेवणार. दुसरी नवी ठेवली तरी तिचंबी तेच हुणार." पद्माक्कानं कार्डाची प्रत फाडून त्यांच्या हातात दिली. "इथंच ऱ्हाऊ दे, सूत वाहील. रोज पहाटे ठोका तेवढा इकबालभाई मारतील. तुमच्या सगळ्या राज्यानं तो ऐकावा."